हवामानबदल म्हणजे नेमकं काय, आणि तो माणसामुळेच होतोय हे कशावरून?

खडूफळा (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात नववीतल्या भाचीने विचारलं, "मावशी, पृथ्वीचं हवामान आधीपासूनच बदलत आलंय ना? हिमयुगं आली नि गेली, तेव्हा कारखाने कुठे होते? मग आताच्या बदलाला माणूस जबाबदार कसा?" प्रश्न अगदी रास्त होता. मी उत्तर द्यायला लागले आणि दोन मिनिटांत "शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय" इथवर येऊन थांबले. मुलांना असं उत्तर द्यायला मला आवडत नाही. म्हणून आठवडाभर वाचत बसले. जे कळलं ते इथे मांडते. चूक दिसली तर मोकळेपणाने दुरुस्त करा, कारण यातलं बरंचसं मी तिला सांगणार आहे.

सुरुवात शब्दांपासूनच करावी लागते. शाळेच्या भूगोलात 'हवा' म्हणजे त्या-त्या वेळची स्थिती: आज ऊन आहे, उद्या पाऊस पडेल. 'हवामान' म्हणजे एखाद्या प्रदेशाची दीर्घकाळची सरासरी स्थिती. पण बातम्यांत 'उद्याचं हवामान' सांगतात, ती खरं तर हवा असते. बोलताना आपण "आज वातावरण ढगाळ आहे" म्हणतो, आणि वातावरण म्हणजे तर पृथ्वीभोवतीचं वायूंचं आवरण. या सरमिसळीमुळे थंडीची एखादी लाट आली की "कुठे गेली तापमानवाढ?" असं माणसं अगदी मनापासून विचारतात. जागतिक हवामान संघटना सरासरी काढायला ३० वर्षांचा काळ धरते. म्हणजे एका वर्षाचा उन्हाळा कडक गेला, ही झाली हवा. ३० वर्षांची सरासरी आधीच्या ३० वर्षांपेक्षा सरकली, कडक उन्हाळे वरचेवर यायला लागले, पावसाचा काळ आणि जोर बदलला, तर तो हवामानबदल.

'तापमानवाढ' आणि 'हवामानबदल' हेही एकच नव्हेत. तापमानवाढ हा मूळ धागा. पाऊस, वारे, बर्फ, समुद्राची पातळी, ऋतूंच्या वेळा हे सगळं त्याला ओवलेलं.

आता कारणाकडे येते. सूर्याची ऊर्जा बहुतांशी प्रकाशाच्या रूपात येते, जमीन आणि समुद्र ती शोषतात आणि अवरक्त किरणांच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या किरणांच्या, रूपात परत बाहेर टाकतात. वातावरणात नायट्रोजन आणि ऑक्सिजन मिळून ९९ टक्के आहेत. त्यांचे रेणू दोन सारख्या अणूंचे, त्यामुळे ते या अवरक्त किरणांना जवळपास अडवतच नाहीत. अडवतात ते पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड असे वायू. हे पांघरूण नसतं तर पृथ्वीच्या पृष्ठभागाचं सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ते आहे सुमारे १५ अंश. म्हणजे हा परिणाम मुळात आपल्याला जगवणारा आहे. अडचण आहे ती पांघरूण जाड होत चालल्याची.

किती जाड? औद्योगिक काळाआधी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे साधारण २८० रेणू होते. हवाई बेटांवरच्या मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा हा आकडा ३१५ च्या आसपास होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासून मागची आठ लाख वर्षं पाहिली, तर त्या सगळ्या काळात तो कमीजास्त होत राहिला, पण ३०० च्या आसपासच्या पातळीपलीकडे गेलेला दिसत नाही.

पण भाचीचा प्रश्न तरी उरतोच. वायू वाढला हे खरं, तो *आपणच* वाढवला हे कशावरून? मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला. जाणकारांनी लिहावं.

दक्षिणायन

धागा आवडला. हवा आणि हवामान यांतला फरक मी असा सांगतो: एका दिवसाची हवा म्हणजे माणसाची मनःस्थिती, हवामान म्हणजे त्याचा स्वभाव. राग एखाद्या दिवशी कुणालाही येतो. स्वभाव बदलला की घरच्यांना काळजी वाटते.

कातळ

वाचतोय. माझी शंका प्रामाणिक आहे, वाद घालायचा म्हणून विचारत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेत अवघा ०.०४ टक्के. एवढाशा वायूने अख्ख्या पृथ्वीचं तापमान कसं वाढेल? आणि ज्वालामुखी एका दिवसात जेवढा धूर ओकतात त्यापुढे आपल्या गाड्या किस झाड की पत्ती?

पारा

@कातळ, दोन्ही शंका रास्त आहेत, उत्तरं मात्र वेगवेगळी.

०.०४ टक्क्यांबद्दल: वर ताईंनी लिहिलंय की ९९ टक्के हवा या खेळात उतरतच नाही. मग तुलना करायची ती खेळणाऱ्या वायूंशी. त्यांच्यात पाण्याची वाफ सगळ्यात मोठी, आणि तिच्यानंतर ढग सोडले तर कार्बन डायऑक्साइडच. शिवाय वाफेचं प्रमाण आपण थेट ठरवू शकत नाही. जास्त झाली की पाऊस होऊन खाली येते. हवेत किती वाफ टिकणार हे तापमान ठरवतं. एक अंश तापमान वाढलं की हवा सुमारे ७ टक्के जास्त वाफ धरू शकते, आणि ती वाफ पुन्हा उष्णता अडवते. म्हणजे सुरुवात कार्बन डायऑक्साइड करतो आणि वाफ तिला बळ देते.

हे कुणाच्या तरी मनात अलीकडे आलेलं नाही. युनिस फूट नावाच्या अमेरिकन बाईंनी १८५६ मध्ये काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून, आत तापमापक ठेवून ती उन्हात मांडली. कार्बन डायऑक्साइडची नळी सगळ्यात जास्त तापली आणि निवायलाही सगळ्यात जास्त वेळ लागला. अशा वायूचं वातावरण पृथ्वीला असतं तर ती जास्त उष्ण झाली असती, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. तीन वर्षांनी जॉन टिंडल यांनी कोणता वायू उष्णतेचे किरण शोषतो हे उपकरणाने मोजलं. १८९६ मध्ये स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी हाताने आकडेमोड करून सांगितलं की कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान ५-६ अंशांनी वाढेल. आजचा अंदाज ३ अंशांच्या आसपास आहे. संगणक नसताना केलेलं गणित इतक्या जवळ गेलं, हे वाचल्यावर मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटला.

ज्वालामुखींबद्दल: जगातले सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात तो माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. उलट मोठा उद्रेक पृथ्वीला थोडा काळ थंड करतो. १९९१ मध्ये फिलिपीन्समधला पिनाटुबो फुटला तेव्हा वर गेलेल्या गंधकाच्या सूक्ष्म कणांनी ऊन परतवलं आणि जागतिक तापमान साधारण अर्ध्या अंशाने उतरलं. कण खाली बसले आणि ते पुन्हा वर आलं.

मृगजळ

ओझोनच्या थराला भोक पडल्यामुळे ऊन जास्त येतं आणि म्हणून तापमान वाढतं, असं मी आजवर समजत होते. ते चूक आहे का?

खडूफळा

@मृगजळ, हा गोंधळ फार जणांचा असतो, माझाही होता. ओझोनचा थर अतिनील किरण अडवतो. तो विरळ झाला की त्वचेला, डोळ्यांना, पिकांना धोका. तापमानवाढीचं मुख्य कारण ते नाही. दोन्हींत एक दुवा आहे: ओझोन खाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू स्वतः फार तगडे हरितगृह वायू, म्हणजे उष्णता अडवणारे वायू आहेत. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने ते हळूहळू बंद केले, त्यामुळे ओझोन सावरतोय आणि तापमानवाढही थोडी टळली.

समस्थानिक

मूळ प्रश्नाकडे येतो: वाढलेला कार्बन आपलाच कशावरून? मी रसायनशास्त्र शिकवतो आणि वर्गात सगळ्यात आवडीने सांगतो तो हाच भाग. जरा लांबेल.

हिशेब साधा आहे. कोळसा, तेल, वायू जाळून आपण दर वर्षी ३७ अब्ज टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. किती कोळसा खणला, किती तेल उपसलं याच्या नोंदी आहेत, त्यामुळे हा आकडा निघतो. हवेत प्रत्यक्षात होणारी वाढ याच्या निम्म्याच्या आसपास आहे. उरलेलं समुद्र आणि झाडं-माती शोषून घेतात. म्हणजे निसर्ग सध्या कार्बन घेतोय, देत नाही. हवेत येणारा जादा कार्बन निसर्गातून आला असता तर आपला सगळा गेला कुठे?

पण हिशेबापेक्षा भक्कम पुरावा कार्बनच्या अंगावरच लिहिलेला आहे. कार्बनचे तीन प्रकार असतात: १२, १३ आणि १४ वजनाचे. कार्बन-१४ किरणोत्सारी आहे, ५,७३० वर्षांत निम्मा होतो. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जमिनीखाली होते, त्यांच्यात तो शिल्लकच नाही. ते जाळले की हवेतल्या कार्बन-१४ मध्ये 'मेलेला' कार्बन मिसळतो आणि त्याचं प्रमाण पातळ होतं. १९५५ मध्ये हान्स स्यूस यांनी झाडांच्या वाढकड्यांत हे पातळ होणं दाखवलं. पुढे अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ एकदम खूप वाढला, म्हणून त्यांच्या आधीचा हा पुरावा विशेष मोलाचा.

आता कार्बन-१३. झाडं प्रकाशसंश्लेषण करताना हलका कार्बन-१२ जास्त उचलतात, म्हणून वनस्पतीत कार्बन-१३ कमी असतो. कोळसा आणि तेल म्हणजे जुन्या काळची झाडं आणि समुद्रातले सूक्ष्म जीवच, त्यामुळे त्यांच्यातही तो कमी. हवेतलं कार्बन-१३ चं प्रमाण सतत घटतंय. ज्वालामुखींचा किंवा समुद्राचा कार्बन असता तर ते असं घटलं नसतं. एकट्या कार्बन-१३ वरून "आजची झाडं जळाली असतील" असं म्हणता येईल, पण आजच्या झाडांत कार्बन-१४ असतो. दोन्ही एकत्र ठेवले की उरतो तो फक्त जमिनीखालचा जुना कार्बन.

तिसरी खूण ऑक्सिजनची. काहीही जाळायला ऑक्सिजन लागतो. राल्फ कीलिंग, म्हणजे वर उल्लेख आलेल्या कीलिंग यांचे चिरंजीव, हवेतला ऑक्सिजन अत्यंत बारकाईने मोजत आलेत, आणि तो ज्वलनाच्या हिशेबाला जुळेल असा किंचित कमी होतोय. श्वासाला धोका मुळीच नाही, एवढी ही घट सूक्ष्म आहे. पण कार्बन डायऑक्साइड नुसता समुद्रातून निसटला असता तर ऑक्सिजन असा घटला नसता.

भाचीला सांगा की कार्बनला स्वतःची जन्मखूण असते आणि ती पुसता येत नाही.

पारा

@समस्थानिक, फार सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

कातळ

ठीक. कार्बन आपला हे मला पटलं, आणि ते इतक्या पद्धतशीरपणे सांगितल्याबद्दल आभार. पण तापमान त्याच्यामुळेच वाढलं कशावरून? सूर्यच जास्त तापला असेल. आणि बर्फाच्या त्या नमुन्यांत हिमयुग संपताना आधी तापमान वाढलं, कार्बन डायऑक्साइड मागाहून, असंही वाचलंय. मग कारण कोण आणि परिणाम कोण?

दक्षिणायन

@कातळ, सूर्याचं मी सांगतो. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा थेट मोजताहेत. साधारण ११ वर्षांच्या चक्रात ती जेमतेम ०.१ टक्क्याने खालीवर होते. या काळात ती चढत गेलेली नाही, तापमान मात्र चढत गेलंय.

त्याहून निर्णायक खूण वातावरणाच्या वरच्या थरात आहे. सूर्य जास्त तापला असता तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. प्रत्यक्षात जमिनीलगतचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा स्थितांबर थंड होतोय. उष्णता खालीच अडकते तेव्हा हेच घडतं. मानाबे आणि वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये गणिताने हे आधीच सांगितलं होतं, मोजमापं नंतर आली. स्युकुरो मानाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

बहुतेक ठिकाणी रात्री दिवसांपेक्षा जास्त वेगाने उबदार होत आल्यात, तेही पांघरुणाशीच जुळतं. सूर्य रात्री नसतोच.

खडूफळा

हिमयुगाचा मुद्दा मी घेते, कारण भाचीचा प्रश्न तोच होता.

हिमयुगं येतात-जातात ती मुख्यतः पृथ्वीच्या कक्षेच्या आणि अक्षाच्या संथ हेलकाव्यांमुळे. कक्षेचा आकार साधारण एक लाख वर्षांच्या चक्रात बदलतो, अक्षाचा कल ४१ हजार वर्षांच्या चक्रात. मिलुटिन मिलान्कोविच या सर्बियन गणितज्ञाने हे आयुष्यभर बसून मांडलं. या बदलांनी उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात ऊन थोडं वाढतं, बर्फ वितळायला लागतो, समुद्र उबदार होतो आणि त्याच्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तो तापमान आणखी वाढवतो. म्हणजे तेव्हा धक्का कक्षेने दिला आणि कार्बनने तो मोठा केला. कार्बन एका जागी परिणाम असतो म्हणून दुसऱ्या जागी कारण असू शकत नाही, असं नाही. आज धक्काच कार्बनचा आहे. कक्षेच्या हिशेबाने पृथ्वी गेली काही हजार वर्षं अगदी हळूहळू थंड व्हायला हवी होती.

दुसरा फरक वेगाचा. शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा, साधारण २० हजार वर्षांपूर्वी, पृथ्वी आजच्यापेक्षा ५-६ अंशांनी थंड होती आणि समुद्र १२० मीटर खाली होता. तिथून वर यायला सुमारे दहा हजार वर्षं लागली, म्हणजे सरासरीने हजार वर्षांत अर्धा अंश. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून २०११-२०२० च्या दशकापर्यंत आपण १.१ अंशाने वर आलो, आणि २०२४ हे एक वर्ष त्या जुन्या पातळीपेक्षा सुमारे दीड अंशाने जास्त होतं. पाच-सहा अंशांत समुद्र १२० मीटर हलतो, हे डोळ्यांपुढे ठेवलं की "एका अंशाने काय होतं?" हा प्रश्न मला विचारवत नाही.

मृगजळ

हे वाचून पोटात गोळा आला. मुळात हे वायू येतात कुठून? आम्हाला "प्रदूषण" एवढंच सांगितलं जातं.

समस्थानिक

@मृगजळ, 'प्रदूषण' शब्दाने फसगत होते. धूर काळा नसला तरी कार्बन डायऑक्साइड असतोच, तो दिसत नाही आणि त्याला वासही नाही. उलट काजळी वगळता धुरातले बरेचसे कण, विशेषतः गंधकाचे, ऊन परतवून पृथ्वीला थोडं थंडच ठेवतात. हवा स्वच्छ करायलाच हवी, फुप्फुसांसाठी, पण तापमानवाढीचा एक भाग त्या कणांमागे झाकलेला आहे.

स्रोत: सगळे हरितगृह वायू एकत्र धरले तर वीज आणि इंधननिर्मिती साधारण एक तृतीयांश, उद्योग एक चतुर्थांशाच्या आसपास, शेती आणि जंगलतोड मिळून पाचव्या हिश्शाहून थोडं जास्त, वाहतूक १५ टक्क्यांच्या आसपास. उरलेलं इमारतींतलं थेट इंधन.

सिमेंटचं उदाहरण मी मुद्दाम देतो. चुनखडी तापवली की तिच्यातून चुना उरतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी हा सुटणारच, आणि सिमेंटच्या उत्सर्जनात निम्म्याहून जास्त वाटा याचाच. मिथेन गुरांच्या ढेकरांतून, पाणी साचलेल्या भातखाचरांतून, कचऱ्याच्या डोंगरांतून, वायूच्या गळक्या नळांतून आणि कोळशाच्या खाणींतून येतो. तो हवेत साधारण १२ वर्षंच टिकतो, पण वीस वर्षांच्या हिशेबात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो. नायट्रस ऑक्साइड मुख्यतः नत्रखतांमुळे, आणि तो शंभराहून जास्त वर्षं राहतो.

एक वाचक

प्रथमच प्रतिसाद देतोय. एक लिटर पेट्रोल जाळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड होतो असं ऐकलं. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास. पाऊण किलोतून सव्वादोन किलो निघेल कसा?

पारा

@एक वाचक, धाग्यावर स्वागत. उरलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं. कार्बनच्या एका अणूचं वजन १२, त्याला प्रत्येकी १६ चे ऑक्सिजनचे दोन अणू चिकटतात, झाले ४४. म्हणजे कार्बनच्या वजनाच्या पावणेचार पटीच्या थोडं खाली. पेट्रोलमध्ये कार्बन साधारण ६४० ग्रॅम धरा आणि गुणून पाहा. टाकी रिकामी झाली की पेट्रोल 'संपलं' असं आपण म्हणतो. ते तिपटीने जड होऊन हवेत गेलेलं असतं.

दक्षिणायन

'माणसामुळे' हा शब्दही जरा सोडवून घेऊया. सगळ्या माणसांमुळे सारखंच नाही. औद्योगिक काळापासून आजवर इंधनांतून सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा जवळपास एक चतुर्थांश वाटा एकट्या अमेरिकेचा आहे. हा वायू साचत जातो, म्हणून पणजोबांच्या काळातलं उत्सर्जनही आज हवेत आहे. १९९२ च्या हवामानबदल आराखडा करारात सर्व देशांची जबाबदारी समान पण वेगवेगळ्या प्रमाणात, असं धरलंय ते याचमुळे. ज्यांनी सगळ्यात कमी जाळलं ते बहुधा सगळ्यात आधी सोसताहेत. मला या विषयात सर्वांत जास्त बोचतं ते हे.

कातळ

सर्वांचे आभार. इथे येताना माझं मत वेगळं होतं. शेवटचं विचारतो: समजा उद्या सकाळी सगळं उत्सर्जन थांबलं, तर तापमान पूर्वीसारखं होईल का?

खडूफळा

@कातळ, नाही. पण वाढायचं जवळपास थांबेल, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. समुद्र आणि झाडं कार्बन शोषत राहतील, दुसरीकडे समुद्रात साठलेली उष्णता तापमान खाली येऊ देणार नाही. जादा उष्णतेतली ९० टक्क्यांहून जास्त समुद्रातच गेली आहे. या दोन्हींची साधारण बरोबरी होते, त्यामुळे तापमान जिथे असेल तिथेच बराच काळ रेंगाळेल. कार्बन डायऑक्साइडचा काही भाग हजारो वर्षं हवेत राहील. समुद्राची पातळी पुढची कित्येक शतकं वाढत राहील, कारण खोल पाणी सावकाश तापतं आणि बर्फाच्या चादरी सावकाश वितळतात.

काल भाचीला समस्थानिक यांची जन्मखुणेची गोष्ट सांगितली, आणि उत्सर्जन थांबलं तर तापमान वाढायचंही जवळपास थांबेल हेही. तिने वहीत कार्बनचे तीन अणू काढले, १४ वर काट मारली आणि म्हणाली, "म्हणजे मावशी, अजून किती वर जायचं ते ठरलेलं नाहीये." मी नाही म्हटलं. ते अजून ठरलेलं नाही.